कर्ता, प्रयोजक आणि खेळाडू : पुण्यात घडलेल्या 'राजी' या खेळाच्या निमित्ताने

१

व्हिडिओ-खेळाला समीक्षेचा विषय मानावे की नाही, हा प्रश्न मराठी विद्यापीठीय वर्तुळात अद्याप संकोचानेच विचारला जातो. तमाशा आणि चित्रपट यांच्याविषयीही तो एके काळी असाच विचारला गेला होता. पुणे शहरापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न आता दाराशी येऊन उभा राहिला आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी स्थापन केलेल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या येथील छोट्या संस्थेने घडविलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी 'निन्टेन्डो स्विच' या यंत्रासाठी व त्याच वर्षी ऑक्टोबरात इतर यंत्रांसाठी आणि संगणकासाठी प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांत पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकनही मिळाले. पुण्यात जन्मलेल्या एखाद्या कथात्म कृतीचा जगभर इतका बोलबाला व्हावा आणि मराठीत मात्र तिच्याविषयी बातमीपलीकडे फारसे काही लिहिले जाऊ नये, ही स्थिती समाधानकारक नाही.

'राजी'चा विचार एकाकी करून चालणार नाही. देवतांच्या कृपेने एका सामान्य मुलीला असामान्य सामर्थ्य लाभते आणि तिच्या बळावर ती असुरांशी झुंजते, असे तिचे कथासूत्र आहे. त्यामुळे तिचे नाते आजच्या जगातील एका फार लोकप्रिय प्रकाराशी, म्हणजे अतिमानवी वीरनायकाच्या खेळांशी, सहज जुळते. या प्रकारातील पुष्कळसे नामांकित खेळ 'मुक्तविश्वी' असतात. एक सलग नगर वा प्रदेश खेळाडूपुढे मोकळा ठेवलेला असतो. कोणते काम केव्हा आणि कोणत्या वाटेने करावयाचे हे त्याने ठरवावयाचे असते. 'इन्सोम्नियाक गेम्स' या अमेरिकन संस्थेचा ७ सप्टेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झालेला 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' हा त्याचा ठळक नमुना होय. 'राजी'ची वाट याच्या उलट, आखून दिलेली आहे. एकात मोकळे नगर, दुसऱ्यात बांधलेली वाट. सामर्थ्याचे वरदान मात्र दोहोंतही आहे. या दोन खेळांना शेजारी ठेवले असता प्रत्येकाचे आकर्षण कशात आहे आणि उणीव कोठे आहे, हे अधिक स्पष्ट होते.

२

या विवेचनासाठी व्याकरणशास्त्रातील एक जुनी संकल्पना उपयोगी पडेल. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र, तो कर्ता. त्याला लागूनच त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्या प्रयोजकाचाही विचार त्याने केला आहे. मराठीत हा भेद क्रियापदाच्या रूपातच दिसतो. 'मुलगी चढते' आणि 'आई मुलीला चढविते' या दोन वाक्यांत चढण्याची क्रिया मुलीचीच आहे. परंतु दुसऱ्या वाक्यात तिला प्रवृत्त करणारी आई हीही कर्त्याच्या पदावर आली आहे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) प्रयोजक क्रियापदांची ही व्यवस्था मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे.

व्हिडिओ-खेळात काटेकोर व्याकरण लावावयाचे तर खेळाडू हा नेहमीच प्रयोजक असतो. पडद्यावर धावणारी राजी. तिला धावविणारा, कळ दाबणारा, कोथरुडातल्या किंवा हडपसरातल्या एखाद्या खोलीत बसलेला मुलगा. पण खेळताना मुले जे बोलतात ते ऐकावे. 'मी राजीला पाडविले' किंवा 'मी तिला उडी मारावयास लावले' असे कोणी म्हणत नाही. 'मी पडलो', 'मी मेलो', 'थांब, मी वर चढतोय' असेच बोलले जाते. प्रयोजक आणि प्रयोज्य यांच्यातील अंतर वाक्यातून नाहीसे होते. हातातील यंत्र, पडद्यावरील आकृती आणि बोलणारा माणूस हे तिघे मिळून एकच 'मी' होतात.

येथे मराठी भाषा इंग्रजीपेक्षा अधिक काही सांगून जाते. इंग्रजीत खेळाडू आपल्या मरणाविषयी बोलला तर त्याच्या वाक्यातून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत अकर्मक क्रियापद भूतकाळी लिंग प्रकट करते. राजी ही मुलगी असूनही तिला खेळविणारा मुलगा 'मी पडलो' असेच म्हणतो. 'मी पडले' असे म्हणत नाही. याचा अर्थ असा की, या एकरूपतेत खेळाडू पात्रात विरघळून जात नाही. तो स्वतःचेच लिंग, स्वतःचेच नाव घेऊन पात्राच्या जागी उभा राहतो. ('मी उडी मारली' या सकर्मक रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालत असल्यामुळे हा भेद झाकला जातो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.) काव्यशास्त्रातील साधारणीकरणात रसिक आपले विशेष व्यक्तित्व क्षणभर बाजूस ठेवतो, असे मानले जाते. खेळाडूचा अनुभव त्याहून निराळा आहे. त्याचे 'मी'पण येथे ढळत नाही. उलट कृतीची जबाबदारी घेऊन ते अधिक घट्ट होते.

यातूनच एक कसोटीही हाती लागते. खेळ बिघडतो, तेव्हा सर्वनाम बदलते. कळ दाबूनही उडी न लागली, किंवा कडा दिसत नसल्यामुळे पात्र दरीत गेले, की तोच मुलगा ताबडतोब म्हणतो, 'ही उडीच मारत नाही', 'ही कुठे चालली?' प्रथमपुरुष सुटतो आणि तृतीयपुरुष येतो. जोपर्यंत 'मी' टिकतो तोपर्यंत खेळ कलाकृती म्हणून कार्य करीत असतो. तो 'ही' किंवा 'हा' झाला की रचनेत कोठेतरी भेग पडली आहे असे समजावे.

३

ही कसोटी प्रथम 'स्पायडर-मॅन'ला लावून पाहावी. त्याचे आकर्षण मुख्यतः एका क्रियापदात आहे, आणि ते म्हणजे झोका घेणे. जाळ्याचा दोर येथे हवेत कोठेही अडकत नाही. त्याला खरोखरीची इमारत किंवा झाड लागते. म्हणून मॅनहॅटनच्या उंच इमारतींच्या ओळींतून जाताना खेळाडू वेगाने वर फेकला जातो, आणि सेंट्रल पार्कची मोकळी जागा आली की झोका आखूड होऊन तो जमिनीजवळ येतो. नगराची घडण ही अशा रीतीने नायकाच्या शरीराची घडण बनते. रस्ता कोठे रुंद आहे, इमारती कोठे ठेंगण्या आहेत, हे नकाशा न पाहताच हातांना कळू लागते. शहर ओळखण्याचा हा आनंद कृत्रिम नाही. खेळाडू तासन्‌तास केवळ भ्रमण करीत राहतो आणि त्याचा 'मी' एकदाही ढळत नाही, हे या खेळाचे मोठेच यश म्हटले पाहिजे.

परंतु झोका थांबला आणि काम सुरू झाले की चित्र बदलते. नकाशावर खुणांची गर्दी होते. पोलिसांच्या टेहळणीचे मनोरे जुळवावयाचे, शहरभर विखुरलेल्या ५५ पाठपिशव्या गोळा करावयाच्या, ठराविक साच्यातील गुन्हे पुन्हा पुन्हा मोडून काढावयाचे. हे सारे कोणत्याही क्रमाने करण्याची मुभा आहे. तथापि येथे दिलेले स्वातंत्र्य क्रियाविशेषणाचे आहे, क्रियापदाचे नाही. केव्हा, कोठून, किती वेगाने हे खेळाडू ठरवितो. काय करावयाचे हे मात्र अगोदरच ठरलेले आहे. या टप्प्यावर खेळाडूच्या तोंडी येणारी वाक्ये मोठी सूचक असतात. 'अजून सहा राहिल्यात', 'एवढे दोन झाले की संपले.' या वाक्यांत 'मी' नाही, 'तो'ही नाही. संख्या हीच कर्ता होऊन बसली आहे. उजळणीचे पाढे म्हणताना विद्यार्थी जसा बोलतो, तसाच हा भाषिक व्यवहार आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्या नगरावर नायक इतके प्रेम करतो, त्या नगरातील माणसे त्याला भेटत नाहीत. रस्त्यावरच्या लोकांना हात करता येतो, ते नायकाला ओळखतात, हाकही मारतात. पण बहुतेक दारे बंद आहेत आणि दारामागे कोणाचेच आयुष्य चाललेले नाही. टेहळणीचे मनोरे नायक स्वतः दुरुस्त करतो. परंतु साऱ्या शहरावर अशी नजर ठेवणे योग्य की अयोग्य, हा विचार त्याला शिवत नाही. विश्व मुक्त आहे, नायकाचा विवेक मात्र बांधलेला आहे, असा विसंवाद येथे निर्माण होतो.

४

'राजी'ची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. असुरांच्या हल्ल्यात तिचा धाकटा भाऊ गोलू पळविला जातो आणि त्याच्या शोधात ती देवालये, दुर्ग व अरण्ये ओलांडीत महाबलासुरापर्यंत पोहोचते. दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो, पुढे धनुष्य व इतर आयुधे लाभतात. परंतु या खेळाचे खरे मर्म असे की, शस्त्रापूर्वी तिच्याजवळ शरीर आहे. खांबाला धरून गिरकी घेणे, भिंतीवरून धावत जाऊन उलटी उडी मारणे, ही कौशल्ये तिला देवांनी दिलेली नाहीत. ती तिच्या पोटापाण्याच्या कसबातून आली आहेत. त्रिशूळ त्या कसबात मिसळतो, त्याची जागा घेत नाही. अतिमानवी नायकांच्या कथांत बहुधा वरदान येताच पूर्वीचे सामान्य शरीर पुसले जाते. येथे ते पुसले जात नाही. क्षेमेन्द्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे औचित्य आहे, आणि पुण्याच्या वा सांगलीच्या रस्त्यावर ज्याने डोंबाऱ्याच्या मुलीला दोरीवरून चालताना पाहिले आहे, त्याला त्यातील सत्य वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

निवेदनाची पद्धतीही लक्षणीय आहे. राजीचा प्रवास दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून सांगितला जातो, आणि कथेचे काही दुवे छायाबाहुल्यांच्या दृश्यांतून उलगडतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कला जतन केल्या आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या परंपरेशी परिचित असलेल्या प्रेक्षकाला 'राजी'तील ही दृश्ये परकी वाटणार नाहीत. खेळाची दृष्टिरचनाही याला पोषक आहे. खेळाडूला नजर हवी तशी फिरविता येत नाही. प्रत्येक प्रसंग ठराविक कोनातून, राजस्थानी वास्तुशैलीच्या छत्र्या, जाळ्या आणि सज्जे यांच्या चौकटीत दिसतो. एकामागून एक चित्र पुढे ठेवावे तशी ही मांडणी आहे. 'स्पायडर-मॅन'च्या मोकळ्या नगरात असा रचलेला प्रसंग क्वचितच हाती येतो. वाट बांधलेली असल्यामुळेच येथे प्रत्येक वळण दृश्य म्हणून घडविता आले आहे.

पण ज्या रचनेने हे सौंदर्य दिले तिनेच दोषही दिले आहेत. ठराविक कोनातून दूरवर ठेवलेल्या नजरेमुळे दोन कड्यांमधील अंतर नीट कळत नाही. झेप पोचेल असे वाटते आणि राजी दरीत जाते. वर सांगितलेली सर्वनामाची फारकत येथे वारंवार घडते. लढाईतही पुढे पुढे तेच शत्रू त्याच रीतीने अंगावर येतात. फटका आणि त्याचा परिणाम यांत किंचित् विलंब जाणवतो. जी मुलगी चपळतेच्या बळावर जगली ती ऐन प्रसंगी जड होते, तेव्हा केवळ तांत्रिक उणीव राहत नाही. पात्राचे स्वभावचित्रच खोटे पडते.

भित्तिचित्रांपाशी थांबून ऐकावयाच्या पुराणकथांचेही असेच आहे. कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण उत्तररंगातील आख्यानाला येऊन मिळते; ते मिळाले नाही तर श्रोता चुळबुळ करू लागतो. 'राजी'त चित्रांपुढची माहिती बहुतांशी माहितीच राहते. ऐकलेल्या कथेमुळे राजीच्या पुढच्या कृतीला वेगळे वळण लागत नाही. वर्तुळाकार चित्राचे तुकडे फिरवून जुळविण्याच्या कोड्यांतून भावाच्या आठवणी उजळतात. ही कल्पना हृद्य आहे. तरीही गोलू अखेरपर्यंत व्याकरणातले कर्मच राहतो. तो पळविला जातो, शोधला जातो, आठविला जातो. स्वतः काही करताना तो फारसा दिसत नाही. ज्याच्यासाठी एवढा अट्टाहास, त्याला स्वतःचे एखादे क्रियापद मिळावयास हवे होते. आणि शेवट तर इतका अचानक येतो की आख्यान पुरे न होताच आरती सुरू व्हावी तसे वाटते.

५

भाषेचा प्रश्न या सर्वांहून महत्त्वाचा आहे. पुण्यात घडलेल्या या खेळातील दुर्गा आणि विष्णू प्रथम इंग्रजीत बोलले. २०२२ मधील सुधारित आवृत्तीत त्यांना हिंदी आवाज मिळाला. मराठी त्यांना मिळाली नाही. याबद्दल निर्मात्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता; अशा खेळाची मुख्य बाजारपेठ परदेशात आहे; आणि छोट्या संस्थेला प्रथम टिकून राहावे लागते. शिवाय 'राजी'ची प्रकृतीच मिश्र आहे. वास्तू राजस्थानी, एक शत्रू बाली बेटावरील रांगडा, संगीत लिनॉस झेलोस या ग्रीक संगीतकाराचे. मिश्रण हा दोष मानण्याचे मराठी माणसाला तर कारणच नाही. तंजावरच्या शहाजी राजाने पाच भाषांचे नाटक रचले होते. मिश्रणात प्रत्येक घटकाला आपली जागा सापडली की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

इंग्रजीमुळे काय हुकले हे पाहण्यासाठी संबोधनाचा विचार पुरेसा आहे. मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्याच वाक्याला ठरवावे लागले असते की राजी दुर्गेला काय म्हणते. मराठी भक्त देवाला 'तू' म्हणतो. राजाला, गुरुजींना, सासऱ्यांना 'तुम्ही' आणि विठ्ठलाला, अंबाबाईला 'तू', ही आपल्या भाषेतील जवळिकीची विलक्षण व्यवस्था आहे. राजी दुर्गेला 'तू' म्हणाली असती तर वरदान हे आईने लेकीला दिलेले झाले असते. 'आपण' म्हणाली असती तर ते दरबारात मिळालेले इनाम झाले असते. विष्णू तिच्याविषयी बोलताना 'ती मुलगी' म्हणतो की 'ती पोर' म्हणतो, यावरून त्याचा विश्वास किंवा संशय व्यक्त झाला असता. इंग्रजीचे मध्यमपुरुषी सर्वनाम हा निर्णय घेऊ देत नाही, आणि त्यामुळे देव व मुलगी यांच्यातील नाते अखेरपर्यंत अस्पष्ट राहते. 'राजी'तील दैवी संवाद भारदस्त असूनही कोरडे वाटतात, याचे एक कारण येथे असावे.

हे काम अशक्य कोटीतले आहे, असेही म्हणता येत नाही. 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा अमेरिकन चित्रपट २०२३ साली भारतात ज्या भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठीही होती. न्यूयॉर्कचा कोळी-मानव मराठीत बोलू शकतो, तर पुण्याची राजी का नाही, हा प्रश्न अभिमानाचा मानण्याचे कारण नाही. तो शैलीचा प्रश्न आहे. ज्या भाषेत खेळाडू 'मी पडलो' म्हणतो त्या भाषेत त्याला उत्तर मिळाले, तर 'मी'ची ती एकरूपता अधिक खोल जाईल काय, हे अद्याप कोणी पडताळून पाहिलेले नाही.

याला आणखी एक बाजू आहे. 'युबिसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीची शाखा पुण्यात अनेक वर्षे आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या जुन्या खेळाच्या नव्या आवृत्तीचे काम पुणे व मुंबई येथील शाखांत चालल्याचे २०२० साली जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियलकडे गेले. असे उद्योगात घडतच असते. तरीही वर मांडलेल्या परिभाषेत पाहिले असता त्याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. अशा व्यवस्थेत पुण्यातील हात क्रिया करीत असतात, पण त्यांना प्रवृत्त करणारा आणि थांबविणारा प्रयोजक दूर असतो. 'राजी'चे सर्व दोष जमेस धरूनही तिचे ऐतिहासिक महत्त्व यात आहे की तेथे पुण्यातील मंडळी स्वतंत्र कर्ते होती. तिच्या चुका उसन्या नाहीत.

६

मुक्तविश्वाची कल्पनाही मराठी वाचकाला वाटते तितकी नवी नाही. भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे पुण्याच्या रस्त्यांवरून सायकल हाकीत संकटांच्या मागे लागतो, तेव्हा त्याच्याजवळ कोणतेही दैवी वरदान नसते. त्याचे सामर्थ्य म्हणजे सायकल, चौकसपणा आणि धिटाई. त्याचे शहर मोकळे असते आणि त्यातील दारेही उघडतात. प्रत्येक दारामागे एखादा बोलका माणूस असतो. 'स्पायडर-मॅन'मध्ये जे नाही ते या बालवाङ्मयात आहे, आणि 'राजी'मध्ये जे साधले आहे, म्हणजे वरदानाआधीचे शरीर, त्याचेही बीज येथे सापडते. पेठांतील बोळ, वाड्यांची चौकट आणि नदीवरचे पूल यांच्या घडणीवर एखाद्या खेळाची क्रियापदे उभी करता येतील. मात्र त्यासाठी रस्त्यांबरोबर त्या रस्त्यांवरची बोली आणि संबोधनेही हुबेहूब आणावी लागतील.

तूर्त विभागातील संशोधकांनी करण्यासारखे काम लहान आणि स्पष्ट आहे. पुण्यातील निरनिराळ्या वस्त्यांतील मुले व मुली असे खेळ खेळताना जे बोलतात, ते त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून त्यातील सर्वनामे, क्रियापदांचे लिंग आणि प्रयोजक रूपे यांची नोंद करावी. 'मी' केव्हा टिकतो, 'ही' केव्हा येते आणि वाक्यातला कर्ता केव्हा अजिबात गळतो, हे प्रसंगवार मांडावे. मुलीने पुरुष-नायक खेळविला असता ती 'मी पडले' म्हणते की क्वचित् 'मी पडलो' म्हणते, हेही तपासावे. वर सुचविलेली कसोटी खरी की खोटी, ते या नोंदींवरून ठरेल; आणि ती खोटी ठरली तरी मराठी मुले खेळताना कशी बोलतात याची पहिली व्यवस्थित नोंद त्यानिमित्ताने विभागाच्या हाती येईल.